गिरणीवरच्या दोन रांगा

परभणीत घर बघायला आम्ही निघालो तेव्हा मायने सोबत ज्वारीचा डबा घेतला. सेलूच्या स्टेशनवर गाडीची वाट बघताना मी तिला दोनदा म्हणालो, हा मावशीकडे ठेवून ये, आपण घर बघायला चाललोय, दळायला नाही. तिने ऐकलं नाही. वनस्पती तुपाचा जुना पत्र्याचा डबा, वर तारेची कडी, तोंडाला फडकं बांधलेलं, आत चार शेर ज्वारी. गाडीत जागा मिळाल्यावर तिने तो मांडीवर घेतला आणि परभणी येईपर्यंत दोन्ही हातांनी धरून बसली. मी नवी पँट घातली होती, खिशात नेमणुकीचा हुकूम होता, आणि समोरच्या बाकावरचे लोक डब्याकडे बघतात म्हणून मी खिडकीबाहेर बघत होतो. आज त्याची लाज वाटते. त्या दिवशी डब्याची वाटत होती.

मी तेवीस वर्षांचा होतो आणि घर कसं बघतात हे मला पक्कं माहीत होतं. एका कागदावर मी लिहूनही आणलं होतं: नळ आहे का, वीज आहे का, कचेरी किती लांब, पावसाळ्यात पाणी साचतं का, जवळ दवाखाना आहे का. शेवटचं कलम बायकोसाठी होतं. ती माहेरी होती आणि तिला सहावा महिना लागला होता. मायच्या यादीत एकच कलम होतं. मोहल्ल्यातली गिरणी.

"मी बघीन," तिने मावशीकडेच मला सांगितलं होतं. "मला पटलं तर येईन. न्हाई तर तू आन् सून जावा. मी हितंच मावशीसंगं जिनिंगात कामाला जाईन."

ती बोलून दाखवायची तसंच करायची. तिला मागे ठेवून जायचं म्हणजे काय, हे मला कळत होतं. तिला माझ्याशिवाय कोणी नव्हतं आणि बायकोच्या बाळंतपणाला आमच्याकडे तिच्याशिवाय कोणी नव्हतं.

गिरणीचं कारण सांगायचं तर गावाकडे जावं लागेल. देवगाव फाट्यावरून आत आमचं गाव. वेशीजवळ डिझेल इंजिनावरची गिरणी होती, तिचा पुक पुक आवाज शिवारभर ऐकू यायचा. गिरणीत डब्यांच्या दोन रांगा असायच्या. एक आत, सिमेंटच्या ओट्यावर. दुसरी बाहेर, दाराशेजारी, मातीत. बाहेरची आमची. आतले सगळे डबे संपले की आमचे घ्यायचे, आणि आमचं झालं की त्या दिवसाचं दळण बंद. हे कोणी कधी बोलून दाखवलं नाही. बोलायची गरजच नव्हती, आमच्या पाच वर्षांच्या पोरालासुद्धा डबा कुठे ठेवायचा ते ठाऊक असायचं. एकदा आमच्या डब्यात कोणीतरी मूठभर माती टाकली. तेव्हापासून पीठ हातात येईपर्यंत माय डब्यापासून हलायची नाही. ऊन असो, पाऊस असो, ती तिथे उभी.

मग विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला तो पावसाळा आला. विद्यापीठ आमच्यापैकी कोणी पाहिलं नव्हतं. मी सेलूला शिकलो, पण औरंगाबाद मीही पाहिलं नव्हतं. त्या पावसाळ्यात एक दिवस गिरणीवाला मायला म्हणाला, "पट्टा तुटलाय, उद्या ये." दुसऱ्या दिवशी पुन्हा पट्टा तुटलेला. असे आठ दिवस. डबा डोक्यावर घेऊन ती परत यायची आणि मागे इंजिनाचा आवाज चालू असायचा. आम्ही ज्वारी भरडून, शिजवून खाल्ली. नवव्या दिवशी आमच्या घरांची ओळ जाळली.

त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. माणसं वाचली, आम्ही ओढ्याकडे पळालो. मायच्या हातात डबा होता, न दळलेल्या ज्वारीचा. शेळी दाव्याला होती, ती सोडायची राहिली. नंतर सेलूत मावशीकडे राहताना माय जेवता जेवता थांबायची आणि म्हणायची, "इंजिन वाजायलं व्हतं रे. आन् तो म्हनायला पट्टा तुटलाय. मला तवाच कळायला पायजे व्हतं." जणू आग तिनेच लावली होती, अशा आवाजात म्हणायची. मी तिला समजवायचो. मग समजावणं सोडून दिलं.

तर असा तो डबा आणि अशी ती यादी.

पहिली खोली नव्या वसाहतीत होती. फाटकावर "खोली भाड्याने देणे आहे" असं खडूने लिहिलेलं. मालक खुर्ची टाकून बसले होते. नोकरी विचारली, खूश झाले. आडनाव विचारलं. आमचं आडनाव असं आहे की त्यावरून चटकन काही कळत नाही. मग गाव विचारलं. मग म्हणाले, "गावात घर कोणत्या अंगाला?" मी सांगितलं. ते म्हणाले, "अरेरे, कालच एकाला जबान देऊन बसलो बघा." मी नमस्कार केला. फाटकाबाहेर आल्यावर माझ्या यादीतलं एकही कलम मी विचारलं नाही, हे माझ्या लक्षात आलं. मायने तर डबा डोक्यावरून उतरवलाही नव्हता.

दुसरं घर जुन्या वस्तीत, एका बोळाच्या शेवटी. मालकीण पन्नाशीची, झरीकडच्या शेतकरी घरातली. मालक गावी शेती बघायचे आणि ही मुलांच्या शाळेसाठी इथे घर करून राहिली होती. तिने आम्हाला आत बोलावलं, चटई टाकली, पाणी दिलं. आडनाव विचारलंच नाही.

"मानसं किती?" तिने विचारलं.

"आमी दोघं, आन् सून," माय म्हणाली. "दिवस ऱ्हायलेत तिला."

"मग मागची मोरी बघा आधी. बाळंतिनीला आडोसा पायजे," असं म्हणून ती मायला घेऊन मागे गेली. दोघी बराच वेळ तिथे बोलत होत्या. मी माझ्या यादीवर खुणा करत होतो. नळ होता, वीज होती, दवाखाना हाकेच्या अंतरावर. मालकीण म्हणाली, "किरायाचं पुढं बघू. तुमी हो म्हना, मी आजच चुना भिजू घालते." मायच्या चेहऱ्यावर मला कितीतरी महिन्यांनी जरा सैलपणा दिसला. ती म्हणाली, "दळून आनते आन् सांगते."

गिरणी बोळाच्या तोंडाशीच होती, विजेवरची. आत शिरलो आणि माय दारातच थांबली. डब्यांच्या दोन रांगा होत्या. एक फळीवर, एक खाली फरशीवर. बायका येत होत्या, डबे ठेवून निघून जात होत्या. गिरणीवाल्याने मायकडे पाहिलं, तिच्या हातातून डबा घेतला आणि खाली ठेवला, फरशीवरच्या रांगेच्या शेवटी.

माय वाकली, डबा उचलला, डोक्यावर ठेवला आणि चालू लागली. गिरणीवाला "ओ बाई" म्हणाला एवढं मी ऐकलं. मी तिच्या मागे गेलो. रस्त्यावर तिला गाठून म्हणालो, अगं, त्या बाईला निदान सांगून तरी येऊ. ती म्हणाली, "बाई लय चांगली हाय. पर ती काय रोज गिरनीत उभी ऱ्हाणार हाय का माझ्यासाठी?" मी परत फिरलो नाही. दोन रांगा मीही पाहिल्या होत्या.

तिसरी खोली दुपार कलल्यावर सापडली. स्वच्छ गल्ली, सारख्या उंचीची घरं, दारापुढे रांगोळ्या. मालक कापडाच्या दुकानात होते, कचेरीचा हुकूम बघून त्यांनी किल्लीच हातात दिली. मोरी उघड्यावर होती, दवाखाना लांब. पण गिरणीत रांग एकच होती. गिरणीवाल्याने मायचा डबा त्या रांगेत मधोमध, एका पितळी डब्याला चिकटून ठेवला. माय उभी राहून बघत होती. तिच्या पुढच्या बाईचं दळण झालं, मग मायचं, मग मागच्या बाईचं. मायच्या दळणानंतर ना कोणी जात्याचा दगड झाडला, ना कोणी नाक मुरडलं. पिठाचा डबा घेऊन ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"हितं," ती म्हणाली. "हितं ऱ्हाऊ."

आम्ही राहिलो. बायकोला आणली. मला याआधी कोणी मान दिलाच नव्हता असं नाही, पण त्या गल्लीत मला भाऊसाहेब म्हणत आणि ते मला आवडायचं. काही दिवस छान गेले. मग एका रविवारी मायने निळ्या कोटातली तसबीर भिंतीवर लावली. गावची जळाली होती, ही तिने सेलूत घेतलेली नवी. मी म्हणालो, आतल्या भिंतीला लाव. ती म्हणाली, "कामून? हितं काय भ्यायचं?" तसबीर दारासमोरच्या भिंतीवर लागली.

तिसऱ्या दिवशी ती गिरणीवरून भरलेला डबा घेऊन परत आली. खोलीच्या मध्ये ठेवला. "मोटार जळाली म्हने," ती म्हणाली, आणि लगेच भांडी आवरू लागली.

मी चिडलो. मोटारी जळतात, म्हणालो. प्रत्येक गोष्टीत तू तेच बघतेस, म्हणालो. बायको पोटावर हात ठेवून भिंतीला टेकून उभी होती आणि मी आवाज चढवून बोलत होतो. मग तावातावाने गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. गिरणी चालू होती. पट्टा फिरत होता. एक बाई पीठ घेऊन बाहेर येत होती, दुसरी डबा ठेवून जात होती. मी परत आलो आणि गाठोडी बांधायला लागलो. संध्याकाळी मालक दारात आले, आत न येता म्हणाले, "भाऊसाहेब, पोरीकडचे पाहुणे यायलेत, खोली लागंल." त्यांना वाटलं होतं समजूत घालावी लागेल. गाठोडी बघून ते जरा ओशाळले.

त्या गल्लीत रांग एकच का होती, ते मला गाठोडी बांधताना कळलं. दुसऱ्या रांगेतलं तिथे कोणी राहतच नव्हतं. आम्ही गेलो तेव्हा एक रांग होती आणि आम्ही कोण ते कळल्यावरही त्यांना एकच हवी होती.

मग आम्ही रेल्वेपलीकडे, आपल्या माणसांच्या वस्तीत आलो. पत्र्याची खोली. थोरली मुलगी तिथेच झाली, ऐन चैत्रात, आणि माय ओल्या धडप्याने दिवसभर तिला वारा घालत बसायची. पुढे पत्र्याचं स्लॅबचं झालं, पोरं शाळेत गेली, मला बढती मिळाली. वस्तीतल्या गिरणीत रांग एकच होती आणि ती आमचीच. तरीही माय डब्याजवळ उभी राहायची. शेजारणी चेष्टा करायच्या, "आजी, डब्यात सोनं हाय का?" माय हसायची आणि उभीच राहायची. नामांतर व्हायचंच होतं. दर वर्षी मोर्चे निघायचे, दर वर्षी ती आधी आठ दिवस गिरणीचा आवाज कान देऊन ऐकायची.

बारा-तेरा वर्षं अशी गेली. एकदा घरी कार्य होतं, गहू दळायचा होता आणि वस्तीतली वीज दोन दिवस गेलेली. मी सायकलला पिशवी लावून गावात वीज असेल तिथली गिरणी शोधत निघालो आणि शोधत शोधत त्या जुन्या बोळाच्या तोंडाशी आलो. गिरणी तीच. गिरणीवाला तोच, केस पांढरे झालेला. आत डब्यांच्या दोन रांगा होत्या. मी परत फिरणार होतो, पण त्याने पिशवी हातातून घेतली.

"गहू का जवारी?"

"गहू," मी म्हणालो. त्याने पिशवी फळीवर ठेवली.

मी बघत राहिलो. मग विचारलं, "खालचे डबे कोणाचे?"

"कोनाचे म्हंजे? जवारीचे," तो म्हणाला. "गव्हात जवारी गेली की पोळी फाटती. बायका भांडायला येत्यात. बापानं गिरनी टाकली तवापासून वर गहू, खाली जवारी."

मी तिथल्या बाकावर बसलो. आमच्या गावात गहू दळायला यायचा तो सणासुदीला. रोजची ज्वारीच, त्यांची आणि आमचीही. धान्यावरून रांगा लागतात हे आम्हाला माहीतच नव्हतं. आम्हाला एकाच कारणासाठी दोन रांगा माहीत होत्या. त्या दिवशी त्याने मायकडे पाहिलं आणि डबा खाली ठेवला, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो होतो. बाकावर बसल्यावर आठवलं की मध्ये आणखी एक गोष्ट झाली होती. त्याने फडकं सारून डब्यात पाहिलं होतं. ते मी पाहिलं होतं आणि विसरलो होतो. तिसऱ्या गल्लीतल्या गिरणीत तर सकाळी गहू आणि दुपारनंतर ज्वारी, हे तिथे राहताना मला चांगलं ठाऊक झालं होतं. कारकून माणूस मी, जन्मभर फायलीत एक कागद दुसऱ्याला जोडत आलो, आणि हे दोन कागद मला जोडता आले नाहीत.

पीठ घेऊन मी बोळाच्या शेवटापर्यंत गेलो. घराला चुना दिलेला होता. दारात एक तरुण बाई तांदूळ निवडत होती, तिने माझ्याकडे पाहिलं, मी सायकल वळवली. ती खोली आम्हाला लाभली असती का, हे मला आजही सांगता येत नाही. त्या मालकिणीने आडनाव विचारलं नव्हतं. पुढे कधी विचारलं नसतं असं नाही, आणि तसबिरीनंतर तीही दारात उभी राहून पाहुणे येणार आहेत म्हणाली असती कदाचित. पण आम्ही तिला ती संधी दिली नाही, आणि तिने आम्हाला पाणी दिलं होतं.

मायला सांगावं की नाही यात तीन-चार महिने गेले. तिच्याजवळ शहाणपण म्हणून जे काही होतं ते तिने आगीतून मिळवलेलं होतं, आणि ते चुकलं होतं हे तिला मी कोणत्या तोंडाने सांगणार? शेवटी एका सुट्टीच्या सकाळी ती सुपात ज्वारी पाखडत बसली होती तेव्हा सांगितलं. सूप थांबलं.

"डबा उघडून बघितला व्हता त्यानं?"

"बघितला होता."

"मला तो माझ्याकडंच बघताना दिसला," ती म्हणाली. पुष्कळ वेळ ती सुपातल्या ज्वारीत बोटं फिरवत राहिली. ती स्वतःला दोष देऊ लागेल म्हणून मी वाक्यं तयार ठेवली होती. त्यातलं एकही लागलं नाही. ती म्हणाली, "ती बाई चुना भिजवून बसली असंल रे वाट बघत."

एवढंच. मग तिने सूप पुन्हा हलवायला घेतलं.

त्यानंतरच्या आठवड्यात एक दिवस मी दुपारी जेवायला घरी आलो तर माय नव्हती. बायको म्हणाली, सकाळीच डबा भरून गेल्यात, वस्तीतल्या गिरणीत बघून आले, तिथं नाहीत. साठी ओलांडलेली बाई, गुडघे धरलेले. मी सायकल बाहेर काढत होतो तेवढ्यात ती कोपऱ्यावरून येताना दिसली. पायीच. दोन्ही हात रिकामे.

"माय, डबा कुठाय?"

"गिरनीवर हाय."

"कोणत्या?"

"त्याच. खाली ठिवला त्यानं," ती म्हणाली. "म्या म्हनलं, जवारी हाय, निवडलेली हाय. आन् आले ठिवून. तू सांजच्याला जाऊन घिऊन ये."

तिने हातपाय धुतले, भाकरी खाल्ली आणि भिंतीला टेकून बसली. त्या दिवशी मी कचेरीत परत गेलो नाही. संध्याकाळपर्यंत ती तीनदा उठून दारापर्यंत गेली, चौकटीला हात लावून उभी राहिली आणि पुन्हा येऊन बसली. उंबरा मात्र तिने ओलांडला नाही.